रेल्वे सुरक्षा आयुक्त कोण असतात? नवा मार्ग सुरू करण्यापासून अपघाताच्या चौकशीपर्यंत त्यांना कायद्याने कोणते अधिकार आहेत?

28 फेब्रुवारी 2024. यवतमाळमधल्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वर्धा–कळंब या नव्या ब्रॉडगेज रेल्वेमार्गाचं उद्घाटन केलं आणि या मार्गावरच्या प्रवासी गाडीला हिरवा झेंडा दाखवला. वर्धा–यवतमाळ–नांदेड या सुमारे 284 किलोमीटरच्या प्रकल्पाचा हा पहिला टप्पा. विदर्भाला मराठवाड्याशी जोडणाऱ्या या मार्गाची दोन्हीकडचे लोक कित्येक वर्षं वाट पाहत होते.

हिरवा झेंडा सगळ्यांनी पाहिला. पण कोणत्याही नव्या मार्गावर प्रवाशांना घेऊन पहिली गाडी धावण्याआधी कायद्याने आणखी एक टप्पा पार करावा लागतो. एक अधिकारी तो मार्ग तपासतो आणि प्रवाशांच्या जिवाला धोका नाही, असं लेखी कळवतो. त्याशिवाय उद्घाटनाची तारीख कितीही आधी ठरलेली असली तरी प्रवासी गाडी सुरू करता येत नाही.

हा अधिकारी म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्त. बातम्यांमध्ये त्यांचा उल्लेख 'सीआरएस' असाही येतो. एखादा मोठा अपघात झाला की 'सीआरएस चौकशीचे आदेश' असा मथळा दिसतो, तो याच अधिकाऱ्याबद्दल असतो.

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या गावात राहणाऱ्या प्रवाशाचा या पदाशी काय संबंध? हा अधिकारी रेल्वे थांबवू शकतो का? अपघाताला जबाबदार कोण, हे तो ठरवतो का? आणि त्याने सांगितलेलं रेल्वेला ऐकावंच लागतं का? समजून घेऊया.

सिंदी मेघेकरांसाठी हे पद महत्त्वाचं का?

आधी नावाचा घोळ दूर करूया. वर्धा जिल्ह्यात दोन सिंदी आहेत. वर्धा–नागपूर मार्गावर ज्या सिंदीचं स्थानक लागतं, ती सेलू तालुक्यातली सिंदी (रेल्वे). सिंदी मेघे हे वर्धा शहराला चिकटलेलं वेगळं गाव. इथल्या लोकांसाठी रेल्वे म्हणजे वर्धा जंक्शन, नाहीतर जवळचं सेवाग्राम.

ही दोन्ही स्थानकं देशाच्या रेल्वे नकाशावर मोक्याच्या जागी आहेत. मुंबई–हावडा मार्गावरच्या गाड्या इथून जातात आणि दिल्ली–चेन्नई मार्गावरच्या गाड्याही याच परिसरातून दक्षिणेकडे वळतात. त्यात वर्धा–नागपूर दरम्यान वाढीव मार्गिकांचं काम आणि यवतमाळकडे जाणारा नवा मार्ग. म्हणजे एकीकडे जुन्या मार्गावर गाड्यांची गर्दी आणि दुसरीकडे नवं बांधकाम, अशी दोन्ही प्रकारची जोखीम या भागात आहे.

वर्धा स्थानक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं. मध्य रेल्वे ज्या रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या कक्षेत येते, त्या मध्य मंडळाचं कार्यालय मुंबईत आहे. देशभरातल्या अशा सगळ्या आयुक्तांचे प्रमुख म्हणजे मुख्य रेल्वे सुरक्षा आयुक्त. त्यांचं मुख्यालय लखनौला आहे.

आणखी एक गल्लत अनेकदा होते. रेल्वे सुरक्षा बल, म्हणजे आरपीएफ, रेल्वेच्या मालमत्तेचं आणि प्रवाशांचं चोरी-गुन्ह्यांपासून रक्षण करतं. लोहमार्ग पोलीस गुन्ह्यांचा तपास करतात. रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा या दोन्ही दलांशी संबंध नाही. त्यांचं काम रूळ, पूल, सिग्नल, डबे, इंजिनं आणि गाड्या चालवण्याची पद्धत सुरक्षित आहे की नाही हे पाहणं. म्हणूनच रेल्वेच्या हिंदी कागदपत्रांत या पदासाठी 'संरक्षा' हा वेगळा शब्द वापरतात.

रेल्वेवर नजर ठेवणारा अधिकारी विमान वाहतूक मंत्रालयात कसा?

रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारित येत नाही. तो केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली आहे.

हे विचित्र वाटतं, पण त्यामागे एक साधा विचार आहे. जो गाड्या चालवतो त्यानेच स्वतःच्या चुकांची चौकशी करू नये.

भारतात पहिली प्रवासी रेल्वे 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावली. त्या काळात रेल्वे खासगी कंपन्यांच्या हातात होती आणि सरकारचे सल्लागार अभियंते त्यांच्या कामावर लक्ष ठेवायचे. पुढे सरकारी निरीक्षक नेमले गेले आणि 1890 च्या रेल्वे कायद्याने त्यांना वैधानिक दर्जा मिळाला. 1905 मध्ये रेल्वे बोर्ड स्थापन झाल्यावर हे निरीक्षक त्याच्या हाताखाली आले. म्हणजे तपासणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो, दोघेही एकाच छपराखाली.

1935 च्या भारत सरकार कायद्यात ही रचना बदलण्याची तरतूद होती, पण दुसऱ्या महायुद्धामुळे ती अंमलात आली नाही. दरम्यान जुलै 1937 मध्ये बिहारमध्ये बिहटाजवळ गाडी घसरून 100 हून अधिक लोकांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर नेमलेल्या पॅसिफिक लोकोमोटिव्ह समितीने 1939 मध्ये निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून वेगळं करण्याच्या बाजूने मत दिलं. ब्रिटनचे रेल्वे निरीक्षण अधिकारी कर्नल माउंट त्या समितीचे प्रमुख होते.

मे 1941 मध्ये हे निरीक्षक रेल्वे बोर्डातून बाहेर काढून तेव्हाच्या टपाल आणि हवाई खात्याकडे सोपवण्यात आले. तेव्हापासून विमान वाहतूक ज्या मंत्रालयाकडे, त्याच्याकडेच रेल्वे सुरक्षा, हा क्रम चालत आला आहे. 1 नोव्हेंबर 1961 पासून या यंत्रणेला रेल्वे सुरक्षा आयोग हे नाव मिळालं.

आज या पदाचे अधिकार मुख्यतः 1989 च्या रेल्वे कायद्यातून येतात. ते तीन भागांत पाहता येतील: रोजचे अधिकार, मार्ग सुरू होण्याआधीचे अधिकार आणि अपघातानंतरचे अधिकार.

रोजचे अधिकार: कलम 6 ते 9

कलम 6 मध्ये आयुक्तांची कर्तव्यं दिली आहेत. नवा मार्ग प्रवासी वाहतुकीला योग्य आहे का हे तपासणं, केंद्र सरकार सांगेल त्याप्रमाणे मार्गांची आणि गाड्यांची वेळोवेळी पाहणी करणं आणि अपघाताच्या कारणांची चौकशी करणं, ही त्यातली मुख्य कामं.

ही कामं करता यावीत म्हणून कलम 7 मध्ये तीन अधिकार दिले आहेत.

पहिला, कोणत्याही रेल्वेमार्गावर जाऊन तो मार्ग आणि त्यावरचे डबे-इंजिनं तपासण्याचा.

दुसरा, लेखी आदेश काढून कोणत्याही रेल्वे कर्मचाऱ्याला समोर बोलावण्याचा आणि त्याच्याकडून किंवा रेल्वे प्रशासनाकडून माहिती मागण्याचा.

तिसरा, रेल्वेच्या ताब्यातलं कोणतंही रजिस्टर, कागदपत्र किंवा वस्तू हजर करायला लावण्याचा. यात स्टेशन मास्तरची डायरी येते, सिग्नलच्या दुरुस्तीची नोंद येते आणि तुटलेल्या रुळाचा तुकडाही येतो.

कलम 8 नुसार आयुक्त हे लोकसेवक मानले जातात. कलम 9 नुसार त्यांच्या कामासाठी सगळ्या वाजवी सोयी उपलब्ध करून देणं रेल्वे प्रशासनावर बंधनकारक आहे.

मार्ग सुरू होण्याआधी: कलम 21 ते 23

या अधिकाऱ्याचं वजन सगळ्यात जास्त जाणवतं ते याच टप्प्यावर. कलम 21 म्हणतं की केंद्र सरकारने आदेशाद्वारे मंजुरी दिल्याशिवाय कोणताही रेल्वेमार्ग प्रवासी वाहतुकीसाठी खुला करता येणार नाही. कलम 22 नुसार ही मंजुरी देण्याआधी सरकारने आयुक्तांचा अहवाल घेतलाच पाहिजे.

त्या अहवालात चार गोष्टी असाव्या लागतात.

• मार्गाची आणि त्यावर धावणाऱ्या गाड्यांची आयुक्तांनी काळजीपूर्वक तपासणी केली आहे.
• धावती गाडी आणि रुळालगतची बांधकामं यांच्यासाठी ठरवून दिलेली मापं मोडलेली नाहीत. म्हणजे फलाटाची कड, पुलाचा खांब किंवा बोगद्याची भिंत गाडीच्या अंगाला येत नाही.
• रुळांची रचना, पुलांची ताकद, बांधकामाचा दर्जा आणि चाकांच्या आसांवर पडणारा भार ठरलेल्या निकषांत आहे.
• प्रवाशांना कोणताही धोका न होता मार्ग सुरू करता येईल, असं आयुक्तांचं मत आहे.

आयुक्तांना धोका वाटला, तर त्यांनी त्याची कारणं आणि मंजुरीआधी काय-काय दुरुस्त करायला हवं, हे अहवालात लिहायचं असतं.

कायदा 'केंद्र सरकारची मंजुरी' असं म्हणत असला, तरी कलम 28 मुळे सरकार आपले अधिकार आयुक्तांकडे सोपवू शकतं. त्यामुळे प्रत्यक्षात नव्या मार्गाला परवानगी देण्याचं काम आयुक्तच करतात. पाहणीच्या दिवशी ते अधिकाऱ्यांसह मोटर ट्रॉलीवरून मार्गाची तपासणी करतात, पूल, वळणं, फाटकं, भुयारी मार्ग आणि सिग्नल यंत्रणा पाहतात. त्यानंतर विशेष गाडी वेगात चालवून चाचणी घेतली जाते. परवानगी दिलीच तर गाडी कमाल किती वेगाने चालवायची आणि कोणत्या अटी पाळायच्या, हेही ठरवून दिलं जातं.

एका टप्प्याची परवानगी पुढच्या टप्प्याला चालत नाही. वर्धा–कळंब मार्ग सुरू झाला म्हणून कळंबच्या पुढचा मार्ग आपोआप खुला होत नाही. तिथेही वेगळी तपासणी लागते.

आणि हे फक्त अगदी नव्या मार्गापुरतं नाही. कलम 23 नुसार जादा मार्गिका टाकणं, नवं स्थानक, जंक्शन किंवा फाटक सुरू करणं, यार्डाची फेररचना, पुलाची पुनर्बांधणी आणि विजेवर गाड्या चालवायला सुरुवात करणं, या सगळ्यांना हीच प्रक्रिया लागू होते. वर्धा–नागपूर दरम्यानच्या वाढीव मार्गिकाही याच नियमात बसतात. उद्या पुलगाव–आर्वी या बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गाचं ब्रॉडगेज करून तो पुन्हा सुरू करायचा ठरला, तरी आयुक्तांच्या तपासणीशिवाय त्यावर प्रवासी बसवता येणार नाहीत.

इथे कायद्यातला एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे: 'प्रवासी'. कलम 21 ची अट प्रवासी वाहतुकीपुरती आहे. त्यामुळे एखाद्या नव्या मार्गावर आधी मालगाड्या धावताना दिसल्या आणि प्रवासी गाडी मात्र नंतर सुरू झाली, तर त्यात नियमभंग झाला असं नाही.

सुरू असलेला मार्ग आयुक्त बंद करू शकतात का?

थेट नाही. कलम 25 नुसार आधीच सुरू असलेला मार्ग किंवा वापरात असलेले डबे-इंजिनं धोकादायक आहेत असं तपासणीनंतर वाटलं, तर आयुक्तांनी तसा अहवाल केंद्र सरकारला पाठवायचा असतो. मार्ग बंद करायचा, ते डबे वापरणं थांबवायचं की काही अटींवर चालू ठेवायचं, हा निर्णय सरकार घेतं.

म्हणजे आयुक्त नव्या मार्गाला परवानगी नाकारू शकतात, पण चालू मार्गाच्या बाबतीत त्यांच्या हाती अहवालच असतो. या कलमाखाली बंद झालेला मार्ग पुन्हा सुरू करायचा झाला, तर कलम 26 नुसार पुन्हा आयुक्तांची तपासणी आणि मंजुरी लागते.

अपघात झाला तर: कलम 113 ते 119

समजा, वर्ध्याजवळ एखादी प्रवासी गाडी रुळावरून घसरली आणि त्यात जीवितहानी झाली. कायद्यानुसार पुढे काय होईल?

1. अपघाताच्या जागेच्या सगळ्यात जवळचा स्टेशन मास्तर विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि संबंधित पोलीस ठाण्याला कळवतो. हे कलम 113 मध्ये आहे.

2. रेल्वे प्रशासन राज्य सरकारला आणि त्या भागाच्या रेल्वे सुरक्षा आयुक्तांना कळवतं.

3. प्रवासी गाडीच्या अपघातात कुणाचा मृत्यू झाला असेल, एखाद्या प्रवाशाला कायमचं अपंगत्व आणणारी दुखापत झाली असेल किंवा रेल्वेच्या मालमत्तेचं गंभीर नुकसान झालं असेल, तर कलम 114 नुसार आयुक्त चौकशीची तारीख, वेळ आणि ठिकाण ठरवून रेल्वेला कळवतात.

4. चौकशीची माहिती वर्तमानपत्रांतून दिली जाते. अपघाताबद्दल काही माहिती असेल तर सामान्य माणूसही आयुक्तांसमोर साक्ष देऊ शकतो किंवा लेखी कळवू शकतो.

5. आयुक्त घटनास्थळ पाहतात, साक्षी नोंदवतात, कागदपत्रं आणि यंत्रणेतला डेटा तपासतात. आधी प्राथमिक आणि नंतर अंतिम अहवाल देतात. अपघात कशामुळे झाला, जबाबदारी कुणाची आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायला हवं, हे त्यात असतं.

या चौकशीत आयुक्तांचे अधिकार वाढतात. कलम 116 नुसार त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार मिळतात. ते समन्स काढू शकतात, साक्षीदाराला शपथेवर तपासू शकतात, कागदपत्रं सादर करायला लावू शकतात, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेऊ शकतात आणि कोणत्याही न्यायालयातून किंवा कार्यालयातून सार्वजनिक दस्तऐवज मागवू शकतात.

केंद्र सरकारने चौकशी आयोग कायद्याखाली वेगळा आयोग नेमला, तर मात्र कलम 119 नुसार आयुक्तांची चौकशी थांबते.

मालगाडी घसरली तर?

23 ऑक्टोबर 2022 च्या रात्री वर्धा–बडनेरा मार्गावर मालखेड आणि टिमटाळा स्थानकांदरम्यान कोळशाने भरलेल्या मालगाडीचे 20 डबे घसरले. मार्ग ठप्प झाला, अनेक गाड्या रद्द झाल्या, अनेक दुसऱ्या मार्गाने वळवल्या गेल्या. वर्ध्याच्या प्रवाशांना त्याचा थेट फटका बसला.

पण फक्त मालगाडीच्या अशा अपघातात आयुक्तांची चौकशी कायद्याने सक्तीची नाही. अशा वेळी सहसा रेल्वेचे अधिकारीच चौकशी करतात. आयुक्तांना गरज वाटली, तर ते स्वतःहून कोणत्याही अपघाताची चौकशी करू शकतात. कलम 114 मध्ये तशी मुभा आहे.

22 जानेवारी 2025 ला जळगाव जिल्ह्यात परधाडे स्थानकाजवळ झालेली दुर्घटना वेगळ्या प्रकारची होती. आगीच्या अफवेमुळे पुष्पक एक्सप्रेसमधून प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान 12 जणांचा मृत्यू झाला. गाड्यांची टक्कर नव्हती, डबे घसरले नव्हते. तरीही मध्य मंडळाच्या रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी या घटनेची चौकशी हाती घेतली.

साक्ष दिली तर नोकरी जाईल, गुन्हा दाखल होईल?

रेल्वेतल्या गँगमनपासून लोको पायलटपर्यंत अनेकांच्या मनात ही भीती असते. रेल्वेची चाकरी असलेलं घर वर्धा परिसरात शोधावं लागत नाही, त्यामुळे हा प्रश्न इथे नवा नाही.

कलम 117 याच भीतीवर उत्तर देतं. आयुक्तांनी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात किंवा चौकशीच्या विषयाशी संबंधित असं जे काही साक्षीदार सांगतो, ते त्याच्याविरुद्ध कोणत्याही दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद एकच: खोटी साक्ष दिली, तर त्याबद्दल खटला चालू शकतो.

या संरक्षणाचा हेतू स्पष्ट आहे. 'माझ्याकडून अमुक चूक झाली' किंवा 'साहेबांनी कागदावर सही करायला सांगितलं' हे कुणी मोकळेपणाने सांगितलंच नाही, तर अपघाताचं मूळ कारण कधीच सापडणार नाही. पण याचा अर्थ त्या व्यक्तीला पूर्ण माफी मिळते असा नाही. पोलीस किंवा सीबीआय स्वतंत्र पुराव्यांवर कारवाई करू शकतात.

2 जून 2023 च्या ओडिशातल्या बालासोर अपघातात असंच झालं. 290 हून अधिक लोकांचा बळी घेणाऱ्या या अपघाताची रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी चौकशी केली आणि सीबीआयने वेगळा तपास केला. जुलै 2023 मध्ये सीबीआयने रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. आयुक्तांच्या अहवालातला निष्कर्ष त्याच महिन्यात राज्यसभेतल्या लेखी उत्तरातून समोर आला. सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलात आणि फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलण्याच्या कामात झालेल्या त्रुटींमुळे अपघात घडला, असं त्यात म्हटलं होतं.

स्वतंत्र चौकशीने नेमका काय फरक पडतो?

17 जून 2024 ला पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली. किमान 10 जणांचा मृत्यू झाला. मालगाडीचा लोको पायलटही त्यात गेला. त्याच दिवशी रेल्वेकडून सांगण्यात आलं की मालगाडीच्या चालकाने सिग्नल पाळला नाही. स्वतःची बाजू मांडायला तो जिवंत नव्हता.

काही आठवड्यांनी रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला आणि चित्र बदललं. त्या भागातले ऑटोमॅटिक सिग्नल सकाळपासून बंद होते. अशा वेळी गाड्या पुढे नेण्यासाठी चालकांना जो लेखी परवाना दिला गेला, तो अपुरा आणि संभ्रम निर्माण करणारा होता. किती वेगाने जायचं हे त्यातून स्पष्ट होत नव्हतं. त्या सकाळी तिथून गेलेल्या इतर बहुतेक गाड्यांनीही बंद सिग्नलपाशी थांबण्याचा आणि वेग कमी ठेवण्याचा नियम पाळलेला नव्हता. चालक आणि स्टेशन मास्तरांना या पद्धतीचं पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, यंत्रणेतच दोष होता आणि असा अपघात कधीतरी होणारच होता, असा अहवालाचा सूर होता. 'कवच' ही टक्करविरोधी यंत्रणा प्राधान्याने बसवण्याची शिफारसही त्यात होती.

1941 मध्ये निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून वेगळं करताना जो विचार झाला, त्याचं महत्त्व अशा वेळी कळतं. चौकशी बाहेरच्या अधिकाऱ्याने केली नसती, तर मृत चालकाच्या नावावर प्रकरण मिटण्याची शक्यता होती.

आयुक्त काय करू शकत नाहीत?

• ते कुणाला अटक करू शकत नाहीत. फौजदारी तपास पोलिसांचं किंवा तपास यंत्रणांचं काम आहे.
• ते कुणाला निलंबित किंवा बडतर्फ करू शकत नाहीत. ती कारवाई रेल्वे प्रशासन करतं.
• ते नुकसानभरपाई ठरवत नाहीत. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे आणि त्याचं एक खंडपीठ नागपूरला आहे. कलम 124 नुसार गाडीच्या अपघातात रेल्वेची चूक सिद्ध झाली नाही, तरी भरपाई देय असते. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूसाठी ही रक्कम 8 लाख रुपये आहे. त्यामुळे दावा करण्यासाठी आयुक्तांच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.
• त्यांच्या शिफारशी न्यायालयाच्या हुकुमासारख्या बंधनकारक नसतात. त्या स्वीकारायच्या की नाही आणि कधी अंमलात आणायच्या, हे रेल्वे बोर्ड ठरवतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात कळीचा आहे. कलम 10 नुसार मुख्य आयुक्तांनी दरवर्षी अहवाल तयार करायचा आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांत मांडला जायचा, अशी तरतूद आहे. म्हणजे शिफारशींचं काय झालं, हे विचारण्याची जागा संसद आहे. जिल्ह्याच्या खासदारालाही तिथे हा प्रश्न विचारता येतो.

दुसरा आक्षेप स्वतंत्रपणाबद्दल घेतला जातो. आयोग वेगळ्या मंत्रालयाखाली असला, तरी आयुक्त म्हणून येणारे अधिकारी रेल्वेच्याच सेवांमधून येतात. त्यामुळे त्यांना रेल्वेचं तांत्रिक ज्ञान असतं, हे खरं. पण कालपर्यंतच्या सहकाऱ्यांचीच चौकशी करायची वेळ येते, हेही खरं.

ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी 2012 मध्ये दिलेल्या अहवालात यावर बोट ठेवलं होतं. रोजच्या रेल्वे वाहतुकीत या आयोगाची भूमिका नगण्य असल्याचं सांगत, समितीने अधिक अधिकार असलेलं स्वतंत्र, वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण स्थापन करण्याची शिफारस केली होती.

मेट्रोसाठीही हेच अधिकारी?

मेट्रोसाठी 2002 चा वेगळा कायदा आहे आणि त्यात मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तरतूद आहे. तत्त्व तेच: तपासणी आणि मंजुरीशिवाय प्रवासी वाहतूक नाही. 2019 मध्ये नागपूर मेट्रो सुरू झाली, तीही या प्रक्रियेतून गेल्यावरच.

सामान्य प्रवाशाने यातून काय लक्षात ठेवायचं?

डबा अस्वच्छ आहे, गाडी उशिरा आली, भुयारी मार्गात पाणी साचलंय, अशा तक्रारींसाठी आयुक्तांचं कार्यालय नाही. त्यासाठी 139 हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे किंवा नागपूरच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं कार्यालय आहे. रुळाला तडा दिसला, फाटक उघडं असताना गाडी येताना दिसली, तर सगळ्यात आधी जवळच्या स्टेशन मास्तरला किंवा फाटकावरच्या कर्मचाऱ्याला कळवणं गरजेचं आहे. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

पण तुमच्या डोळ्यांदेखत एखादा अपघात झाला असेल आणि 'सीआरएस चौकशी'ची सूचना वर्तमानपत्रात आली असेल, तर तुम्ही पाहिलेलं सांगायला तिथे जाऊ शकता. त्यासाठी वकील लागत नाही, रेल्वेत ओळख लागत नाही. तुम्ही खरं सांगितलेलं तुमच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, याची हमी कायद्याने दिली आहे.

आणि पुढच्या वेळी एखाद्या नव्या मार्गाच्या उद्घाटनाची तारीख जाहीर झाली, की सिंदी मेघेच्या चहाच्या टपरीवरही एक प्रश्न विचारता येईल: सीआरएस तपासणी झाली का, आणि आयुक्तांनी गाडीला किती वेगाची परवानगी दिली? मार्ग किती तयार आहे, याचा अंदाज त्या उत्तरातून येईल.